तसराळ्यातले पाणी

“बाई, माझ्या वासानं व्हतंय का तुम्हांला असं?”

बायडाबाईने हे विचारले त्या वेळी नर्स वत्सलाबाई तिच्याकडे पाठ करून, खिडकीचा गज धरून उभ्या होत्या. प्रश्नात राग नव्हता, टोमणा नव्हता. पाहुणीने आपल्या पावलांची माती सतरंजीला लागली की काय असे ओशाळून विचारावे, तसा तो स्वर होता. तपासणीच्या मेजावर उठून बसत, पोटावरचे लुगडे सारखे करीत ती पुढे म्हणाली, “सकाळीच न्हाऊन आली मी. साबण लावून न्हाली. मालकानं मुद्दाम वडी आणली, म्हनले दवाखान्यात जायचं हाय.” यावर काही बोलायला हवे होते. ‘छे गं, भलतेच काय’ एवढे म्हटले असते तरी पुरले असते. परंतु शब्दाला वारा लागतो, आणि वत्सलाबाईंच्या छातीत त्या क्षणी वारा नव्हता. म्हणजे होता, नको तेवढा होता, पण आत कोंडलेला, बाहेर यायला वाट नसलेला. तोंड उघडले असते तर शब्दाऐवजी ती बारीक शीळ बाहेर पडली असती, जी कोणाच्या कानी जाऊ नये म्हणून त्या गेले कित्येक महिने जपत होत्या. त्यांनी ओठ मिटून घेतले. दूर तांबट आळीत हंड्यांवर हातोडे पडत होते, त्या ठोक्यांच्या तालावर श्वास बसवण्याचा त्या प्रयत्न करीत राहिल्या, आणि खोलीत त्यांचे मौन वाढत गेले. मागे मेजावरून पाय खाली सोडल्याचा, जोडवी फरशीला टेकल्याचा आवाज झाला. बायडाबाई उतरली. तिला तिचे उत्तर मिळाले होते.

त्यांच्या डाव्या हाताशी तिवईवर तामचिनीचे पांढरे तसराळे होते आणि त्यात पावडरीचे पाणी अजून हलत होते. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओले होते. हे पाणी म्हणजे त्या सूतिकागृहाचा धर्मच होता म्हणा. मागच्या एका वैशाखात सूतिकाज्वराने बाळंतिणी लागोपाठ गेल्या होत्या. तेव्हा डॉक्टर आगाशांनी सिंहस्थात पटकीच्या भयाने आणवलेल्या ब्लीचिंग पावडरीचे उरलेले डबे मिळवले आणि नियम घालून दिला, की प्रत्येक बाईला हात लावण्यापूर्वी हात या पाण्यात बुडवायचे आणि लावून झाल्यावर पुन्हा बुडवायचे. ज्वर थांबला. ज्या पाण्याने मरण दाराबाहेर थोपवले त्याविषयी वत्सलाबाईंच्या मनात कृतज्ञतेपलीकडचे, जवळजवळ पूज्य असे काही निर्माण झाले. डॉक्टरांनी चमचाभर सांगितलेली पावडर त्या मूठभर घालू लागल्या. तिच्या उग्र वासाने डोळे चुरचुरत, बोटांची साले निघत, नखांभोवतीची कातडी पांढरी पडे. आणि तो वास जितका झोंबे तितके आपण स्वच्छ झालो, असे त्यांना वाटे. घरी जेवायला बसल्यावरही हाताला तो वास येई. एरवी विधवेच्या मोकळ्या मनगटांकडे पाहवत नसे. पण त्या वासाने ते हात कसे भरल्यासारखे वाटत.

श्वासाचे दुखणे केव्हा सुरू झाले ते त्यांना नेमके सांगता आले नसते. पहिल्याने खोकला आला, तो ऋतुपालटाचा म्हणून सोडून दिला. मग छातीवर कोणी गुडघा टेकवून बसावे तसे होऊ लागले. मग शीळ. एखाद्या बाईला तपासून त्या तसराळ्याकडे वळत आणि तेवढ्यात ते येई. पहिले भय क्षयाचे वाटले. क्षयी नर्सला कोण ठेवणार? बाळंतिणीच्या उशाशी कोण उभी करणार? म्हणून त्यांनी ते लपवले. खिडकीशी जायचे, गज धरायचा, बाहेर काही पाहत असल्यासारखे करायचे. आया जैतुनबी गमतीने म्हणे, “बाई, त्या खिडकीत कोन उभा राहतो तुमचा? आमाला तरी दाखवा एकदा.” आणि बायकांत हशा पिके. वत्सलाबाईही हसल्यासारखे करीत. परंतु घरी गेल्यावर, पंचवटीतल्या आपल्या दोन खोल्यांत, चूल पेटवून धुरात बसले तरी श्वास मोकळा असे. सुटीच्या दिवशी त्या गोदावरीच्या पायऱ्या चढत-उतरत, तेव्हाही काही होत नसे. म्हणजे दुखणे शरीरात नव्हते. शरीरातले दुखणे घरीदारी बरोबर असते. घराच्या उंबऱ्याशी सोडून जाते आणि कामाच्या जागी वाट पाहत बसते, असे दुखणे कोणते?

याचे उत्तर त्यांच्यापाशी फार जुने होते. त्यांचे वडील दाजीशास्त्री पहाटे नदीवर संध्येला बसत, तेव्हा लहानगी वत्सू त्यांचे सुके धोतर छातीशी धरून पायरीवर उभी राही. शास्त्रीबुवा आचमन करीत, मग नाकपुडीवर बोट ठेवून प्राणायामाला बसत. श्वास आत घेणे तो पूरक, धरून ठेवणे तो कुंभक, सोडणे तो रेचक, हे मुलीला कोणी शिकवले नव्हते, तिला ते नुसते पाहून कळले होते. आणि वडिलांचा रेचक इतका लांब, इतका निवांत असे की तो संपेपर्यंत पलीकडच्या काठावरचे देऊळ धुक्यातून हळूहळू बाहेर येई. एकदा ते डोळे उघडून म्हणाले होते, “वत्सू, जीभ खोटे बोलते, डोळेसुद्धा बोलतात. श्वासाला खोटे बोलता येत नाही. मन जिथून पळू पाहते तिथे श्वास आधी अडतो.” ते वाक्य तिच्या मनात रुतले ते रुतलेच. पुढे न कळत्या वयात वैधव्य आले, मामांच्या आग्रहाने पुण्याला जाऊन नर्सिंगचे शिक्षण झाले. वडिलांनी त्याला हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. ती नोकरी करू लागल्यावर मात्र संध्याकाळी परसदारी, विहिरीच्या काठावर, भरलेल्या दोन घागरी ठेवलेल्या असत. ‘कोणाला शिवून आलीस’ असे त्यांनी एका शब्दाने विचारले नाही. घागरी त्यांचे काम करीत. त्या अंगावर घेतल्याखेरीज वत्सलाबाई घरात गेल्या नाहीत, वडील वारल्यानंतरच्या पहिल्या संध्याकाळीही नाही. त्या दिवशी घागरी रिकाम्या होत्या म्हणून त्यांनी स्वतः भरल्या. मग हळूहळू ते सुटले. निदान सुटले असे त्यांना वाटले.

आणि सुटले असे वाटले म्हणूनच ना वत्सलाबाई त्या सभेत बोलल्या? गावात त्या काळी काळारामाच्या दाराशी सत्याग्रह चालला होता, घराघरांत वाद होत होते. अशात महिला समाजाने सभा भरवली आणि वत्सलाबाईंना दोन शब्द बोलायला सांगितले. त्या उभ्या राहिल्या, साले निघालेले हात पदराखाली लपवून म्हणाल्या, “रोग्याला जात नसते. माझ्या हातांनाही नाही.” टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांची ऊब त्यांना बरेच दिवस पुरली, हेही खरे. सभेच्या मागच्या टोकाला, दाराबाहेर, काही पुरुष उभे होते. त्यांत चिमाजी होता. सत्याग्रहात बसलेला, हातापायांनी काटक, बोलण्यात सावध असा तो माणूस महिन्याभराने बायकोला घेऊन दवाखान्याच्या पायरीशी आला. “बाई, त्या दिवशी ऐकलं तुमचं,” तो म्हणाला, “म्हनून आनली हिला. पयली दोन्ही लेकरं धनुर्वातानं गेली. घरची कापाकापी आता नगं.” पहिली दोन्ही मुले आठ दिवसांच्या आत, जबडा मिटून, धनुष्यासारखी वाकून गेली होती. नाळ विळ्याने कापली होती. हे बायडाबाई सांगत असता तिच्या आवाजात रडे नव्हते. एखादी वाट चुकल्याचे सांगावे तसे ती सांगत होती, की पुन्हा कोणी ती वाट धरू नये. वत्सलाबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. “हे मूल इथे, माझ्या हातांत येईल,” असे त्या म्हणाल्या होत्या. ते त्यांनी मनापासून म्हटले होते. नंतर त्या तसराळ्याकडे वळल्या, आणि श्वास अडला.

आता प्रत्येक वेळी अडत होता. इतर बायकांच्या वेळीही छाती भरून येई, पण ते खोकून, पाणी पिऊन निभावे. बायडाबाई आली, किंवा तिच्या वस्तीतली, चर्मकारांच्या आळीतली कोणी आली, की मात्र गज धरावा लागे. हा फरक त्यांनी प्रथम मनाआड केला, मग तो मोजून पाहावा असे त्यांना वाटले, मग मोजण्याचीही भीती वाटू लागली. श्वासाला खोटे बोलता येत नाही. सभेत बोलली ती जीभ. आणि खिडकीशी उभा राहून शीळ घालतो तो प्राण. वडील गेले, घागरी गेल्या. परंतु त्या घागरींनी जे जपले होते ते छातीच्या पिंजऱ्यात तसेच बसून होते आणि आपण शिवून आलो की पंख फडफडवीत होते. स्वतःच्या देहाला आपल्याविरुद्ध साक्ष देताना पाहण्यासारखी लाज नाही. चोरी पकडली गेली तर माणूस चोरी नाकारू शकतो, सोडू शकतो. पण ही चोरी तर आपल्याही नकळत चालली होती. त्यावर उपाय म्हणून त्यांनी काय केले असेल? पाण्यात पावडर आणखी घातली. हात आणखी वेळ बुडवले. जणू मनाचा मळ नखांतून निघणार होता.

बायडाबाई गेल्यानंतर त्या दुपारी त्यांनी डॉक्टर आगाशांना गाठले आणि सर्व नाही, पण श्वासाचे तेवढे सांगितले. डॉक्टरांनी नळी लावून छाती ऐकली. “क्षय नाही,” ते म्हणाले, “ते भय मनातून काढून टाका. दम्याचा प्रकार आहे. घरी कसे असते?” “घरी बरे असते.” “सुटीला?” “काहीच नसते.” डॉक्टर हसले, ते सज्जन होते, कामाने थकलेले होते, आणि त्यांना वाटले ते त्यांनी सांगितले. “मग हे मनाचे आहे, वत्सलाबाई. दम्यात अर्धा भाग मनाचा. इथल्या कशाचा तरी तिटकारा तुमच्या मनात बसलाय. कशाचा ते तुम्हीच शोधा. थोडे दिवस ज्याने त्रास होतो ते टाळून पाहा.” वत्सलाबाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. जो शब्द त्या स्वतःशीही उच्चारीत नव्हत्या तो डॉक्टरांनी सहज मेजावर ठेवला होता. तिटकारा.

मग त्यांनी टाळले. पुढल्या तपासणीच्या दिवशी बायडाबाई बाकावर येऊन बसलेली त्यांनी पाहिली. पोट आता खाली उतरले होते, दिवस भरत आले होते. तिच्या शेजारी निफाडकडच्या एका वाण्याची सून बसली होती. तिने आपली पिशवी मध्ये ठेवून अंतर केले होते. वत्सलाबाईंनी सुनेला बोलावले, पडदा अर्धा ओढून तपासले, हात पाण्यात बुडवून काढले, खोकला गिळला, आणि बायडाबाईची पाळी आली तेव्हा म्हणाल्या, “जैतुनबी, हिला तुम्ही पाहून घ्या. मला कोठीत काम आहे.” जैतुनबी चार गावांच्या दायांना पुरून उरेल अशी होती, तिच्या हाती कोणाचे वाईट झाले नसते; म्हणजे यात रोग्याचे काही नुकसान होते असे कोणाला म्हणता आले नसते. ही सोय किती निर्दोष होती! कोठीच्या दाराशी पोचल्यावर मागे पाहण्याचा मोह त्यांना आवरला नाही. बायडाबाई उठून उभी होती आणि मेजाकडे न जाता त्यांच्याचकडे पाहत होती. त्या पाहण्यात दोष देणे नव्हते. उलट काहीसे सांत्वन होते, जसे आपण एखाद्या माणसाला नको ते करायला लावले आणि आता त्याला त्यातून मोकळे करीत आहोत. “राहू द्या,” ती जैतुनबीला म्हणाली, “आज बरं हाय मला.” आणि ती गेली. त्यानंतर ती आली नाही.

“त्या बायडीचे दिवस भरले असतील की हो बाई,” जैतुनबी एकदा मेज पुसता पुसता म्हणाली. “चिमाजीला निरोप धाडू का?”

“धाडा.”

“आनि काय सांगू? बाईंनी बोलावलंय म्हनू?”

वत्सलाबाई कपाटातल्या कात्र्या मोजू लागल्या. जैतुनबीने फडका पिळला, त्यांच्याकडे निरखून पाहिले आणि विषय बदलला. “नाय तर असं करा, तुमच्या त्या खिडकीतल्याला धाडा निरोप घेऊन. नुस्ता उभा तर असतो.” एरवी या थट्टेवर त्या हसल्यासारखे करीत, आज तेही जमले नाही. निरोप गेला की राहिला हे त्यांनी नंतर विचारले नाही. विचारले असते तर ‘राहिला’ हे उत्तर येण्याची भीती होती, आणि ‘गेला, पण ती यायची नाही म्हणाली’ या उत्तराची त्याहून अधिक. रात्री कोणत्याही कुशीवर वळले तरी त्यांना एक आकडलेले, धनुष्यासारखे वाकलेले इवलेसे शरीर दिसे. त्याचे तोंड मिटलेले असे. आपलेही तसेच मिटले होते त्या दिवशी.

अशात पावडर संपली. मुंबईहून यायचे डबे आले नाहीत; डॉक्टर म्हणाले, तोवर उकळलेले पाणी आणि साबण वापरा, नखे ब्रशाने घासा, भागेल. वत्सलाबाईंना ते अर्धवट वाटले. तसराळ्यात नुसते गरम पाणी, त्याला वास नाही, ते झोंबत नाही. असे हात घेऊन रोग्याला शिवायचे? पहिल्या दिवशी त्यांना आपण कपड्यांविना बाहेर पडलो आहोत असे वाटत राहिले. मग लंकाबाई नावाची एक अडलेली बाळंतीण बैलगाडीतून आली, मूल आडवे होते, सकाळ जाऊन दुपार कलली तरी सुटका होईना, जैतुनबी तिच्या पाठीला आधार देत होती, डॉक्टर घामाघूम झाले होते, वत्सलाबाई हात धूत होत्या, मूल वळवीत होत्या, पुन्हा धूत होत्या, आणि अखेर ते निळसर पोर पाय वर करून ओरडले तेव्हा जैतुनबी म्हणाली, “बाई, आज खिडकीत नाय गेलात.”

त्या थबकल्या. खरेच की. लंकाबाई गावकुसाबाहेरचीच होती. दिवसभर त्या तिच्या रक्तात, घामात, विष्ठेत हात घालून होत्या आणि श्वास आला-गेला होता, त्यांना न विचारता, जसा तो सगळ्यांचा येतो-जातो. त्या जागीच उभ्या राहून त्यांनी हळूच एक दीर्घ श्वास घेतला, धरला, सोडला. सोडता आला. रेचक लांबत गेला. पुढचे दिवस असेच गेले. बाकावर येईल ती बाई त्यांनी पाहिली, एकीलाही टाळले नाही, छाती सुपासारखी मोकळी राहिली. मग एका सकाळी कोठीत काही काढायला गेल्या असता कोपऱ्यातला पावडरीचा रिकामा डबा त्यांच्या नजरेस पडला. झाकण उघडून तळाशी चिकटलेली भुकटी त्यांनी बोटाने खरवडली, एवढेच. उग्र वास वर आला आणि छातीवर तो गुडघा टेकला. कोठीत कोणी नव्हते. कोणाला शिवल्या नव्हत्या. केवळ त्या, आणि डबा. शीळ घालीत, भिंतीला टेकत त्या खाली बसल्या, आणि श्वासासाठी धडपडत असतानाच त्यांना हसू फुटले. जैतुनबी धावत आली ती पाहतच राहिली. “या अल्ला, बाई! रडता का हसता?”

“ते पाणी होते, जैतुनबी,” त्या मोठ्या कष्टाने म्हणाल्या. “पाणीच होते ते!”

त्या आनंदाची लाज त्यांना त्याच दुपारी वाटू लागली. पहिला विचार काय आला होता? डबे येतील तेव्हा डॉक्टरांना हे सांगायला हवे, आणखी कोणाला असे होते का पाहायला हवे, हा नव्हे. बायडाबाई, हाही नव्हे. पहिला विचार हा, की मी निर्दोष आहे. माझ्या आत ते नाही. वडिलांच्या घागरी अंगावर घेऊन घरात शिरताना जसे वाटे, नेमके तसे वाटले होते: शुद्ध. आणि या शुद्धीच्या शोधात तिकडे एका बाईचे दिवस भरून गेले होते. त्यांनी कात्री उकळली, नाळ बांधायचा दोरा, कापूस, स्वच्छ फडकी एका डब्यात घातली, डॉक्टरांना सांगितले आणि त्या निघाल्या. फाल्गुनाचे ऊन होते. रविवार कारंज्याजवळ निफाडच्या द्राक्षांच्या करंड्या उतरत होत्या. गावाच्या कडेला घरे विरळ होत गेली आणि पावले जड होत गेली. छाती मोकळी होती. प्रत्येक पावलागणिक त्या मनात वाक्य घोळवीत होत्या: त्या पावडरीने मला दमा होतो. तुझ्यामुळे नव्हे. कधीच तुझ्यामुळे नव्हते.

चिमाजीच्या दाराशी बाज टाकलेली होती आणि बाजेवर बायडाबाई बसली होती, मांडीवर मूल. वत्सलाबाईंनी प्रथम त्या मुलाच्या जबड्याकडे पाहिले. ते चोखत होते. लुचूलुचू, हपापून चोखत होते.

“अगं बाई, तुम्ही?” बायडाबाई पदर ओढत उठू लागली.

“बैस, बैस. केव्हा झाली सुटका?”

“लय दिस झाले की. सटवीची रात बी निघाली, पार पडली. पोरगी हाय.” तिच्या चेहऱ्यावर एक सावध हसू उमटले, अजून ज्याच्यावर पुरता विश्वास ठेवायचे धाडस होत नाही असे. “मालकानं नवी सुरी आनली, धा वेळा उकळली. सासू म्हनली, सुरी शिजवतो का खायला?”

दोघी हसल्या. हसणे ओसरल्यावर वत्सलाबाईंनी ते वाक्य सांगितले. घोळवून घोळवून गुळगुळीत झालेले ते वाक्य बाहेर येताना त्यांच्याच कानांना परके वाटले. दवाखान्यातल्या बाईने कोणाला तरी शिकवून पाठवलेल्या निरोपासारखे. “तू विचारले होतेस त्या दिवशी. तुझ्यामुळे नव्हते ते. त्या तसराळ्यात पावडर घालतो ना, ती मला बाधते. हात त्या पाण्यात राहिले की श्वास कोंडतो. आता कळले.”

“असंल,” बायडाबाई म्हणाली. मुलीचे तोंड तिने पदराने पुसले. तिला खरेच वाईट वाटले असावे, कारण ती कळवळून पुढे म्हणाली, “मंग लवकर काढायचे व्हते की हात. त्या वाण्याच्या सुनंच्या येळी लगेच काढले व्हते तुम्ही. माझ्या येळी लय वेळ ठेवायच्या. मी म्हनायची, किती तरास करून घेतात बाई.”

उन्हात बाजेची सावली होती तेवढीच राहिली. कुठेतरी कोंबडी फडफडली. वत्सलाबाईंना वाटले आता श्वास अडेल. त्यांनी त्याची वाट पाहिली. तो अडला नाही. संथ, आज्ञाधारक, तो आला आणि गेला. हो, लवकर काढायचे होते. वाण्याच्या सुनेला तपासल्यावर बुडवून काढले होते. हिच्या वेळी कोपरापर्यंत, शीळ येईपर्यंत. असे कर म्हणून त्यांना कोणी सांगितले नव्हते, हातांतला हा फरक त्यांनी ठरवला नव्हता, त्यांना तो ठाऊकही नव्हता. पावडर निमित्त झाली होती. जे बोलायचे होते ते हात बोलत होते, आणि ते बोलणे बाकावर बसलेल्या बायकांनी रोज ऐकले होते.

“पोरगी बघता का?” बायडाबाईने विचारले, आणि विचारून झाल्यावर स्वतःच गोंधळली.

“आधी हात धुवायला पाणी दे,” वत्सलाबाई म्हणाल्या.

तिने तांब्या आणला, चुलीतली चिमूटभर राख आणली, आणि उंचावरून, धार अंगावर न उडेल अशी ती पाणी घालू लागली. वत्सलाबाईंनी बोटे, नखे, मनगटे नीट चोळली. “आधी धुता व्हय?” बायडाबाई म्हणाली. “हे बाळासाठी,” वत्सलाबाई म्हणाल्या, “मूल घेण्याआधी धुवायचे. तूही धूत जा, आणि घेईल त्याला धुवायला लाव.” मग त्यांनी मूल घेतले. डब्यातला कापूस काढून बेंबी पाहिली. नाळ पडून कोरडी, स्वच्छ झालेली. मुलीच्या डोक्याला तेलाचा आणि दुधाचा वास होता. तिने आपली मूठ त्यांच्या करंगळीभोवती आवळली आणि ती सोडवायला दोघींना एकेक बोट उलगडावे लागले. डबा तिथेच ठेवून, पुढच्या आठवड्यात दोघींनी तपासायला यायचे असे बजावून त्या निघाल्या. “येते,” बायडाबाई म्हणाली. येईल की नाही, ते तिच्या सुरावरून कळत नव्हते.

परत येताना त्यांनी नदीची वाट धरली. ऊन उतरले होते. पुलावरून टांगे जात होते, खाली पायऱ्यांवर कोणी संध्येला बसले होते, आणि त्यांचा श्वास इतका खोल, इतका लांब चालला होता की शास्त्रीबुवांनी तो पाहून मान डोलावली असती. पूल ओलांडताना समोरून सोमा माळी आला, दवाखान्यात फुले-भाजी पोचवणारा म्हातारा, त्याने दोन्ही हात जोडले आणि मग काळजीने विचारले, “बाई, हाताला काय लागलं का? असे का धरलेत?”

वत्सलाबाईंनी खाली पाहिले. वस्तीपासून इथवर, अर्धे गाव ओलांडून, त्या दोन्ही हात कोपरात वाकवून, बोटे पसरून, पांढऱ्या पातळाला लागणार नाहीत असे अंगापासून दूर धरून चालत आल्या होत्या.